निळ्या दोऱ्याचा शर्ट

दार त्यानेच उघडलं. एका पायात बूट, दुसरा हातात. खाली गाडी उभी होती. तो चार वर्षांसाठी परगावी शिकायला निघाला होता.

इस्त्रीवाल्याची पोरगी कपड्यांचा गठ्ठा छातीशी धरून उभी राहिली. आज बोलली नाही तर संपलं.

सहा महिने ती त्याच्या शर्टाच्या खिशात चिठ्ठ्या घालत होती. कपडे कोणाचे ते कळावं म्हणून दुकानात कॉलरला रंगीत दोरा टाकतात. याच्या घराचा निळा. पुढच्या खेपेला शर्ट इस्त्रीला आला की खिशात उत्तर असायचं. जेवलीस का? खोकला गेला का? ओल्या केसांनी झोपू नकोस. अठरा वर्षांचं पोरगं असलं कधी विचारतं का? पण प्रेमात पडलेल्याला शहाणपण कोण शिकवणार.

खाली सही मात्र ती समोरच्या डॉक्टरांच्या मुलीची करायची. इस्त्रीवालीला कोण उत्तर देतंय? आता खरं सांगायची वेळ आली होती, आणि भरवसा सगळा सिनेमावर. सिनेमात खोटं उघडं पडतं, मुलगा रागावून जातो आणि गाडी सुटायच्या आत धावत परत येतो. तो परत न आलेला सिनेमा तिने पाहिलाच नव्हता.

"त्या चिठ्ठ्या डॉक्टरांच्या मुलीच्या नाहीत," ती म्हणाली. "माझ्या आहेत. रागाव, पण ऐकून घे."

"कुठल्या चिठ्ठ्या?"

त्याच्या तोंडावर राग नव्हता, काहीच नव्हतं. त्याने दुसरा बूट चढवला, बॅग उचलली. "आई, इस्त्रीचे कपडे आलेत. येतो गं." आणि दोन दोन पायऱ्या टाकत उतरून गेला.

आई पदराला हात पुसत बाहेर आली. पोरीकडे बघून जागीच थबकली.

"कपाट मी लावते," ती हळूच म्हणाली. "त्याला स्वतःचा रुमाल सापडत नाही, चिठ्ठी कुठली सापडायला?"

"सहा महिने माझी चेष्टा केलीत, काकू?"

"पहिल्या चिठ्ठीच्या उत्तरात दम भरायलाच बसले होते. पण तू लिहिलं होतंस, दिवसभर बोलायला कोणी नाही. मग हात वळेना."

खाली गाडीचं दार आपटलं. गाडी गेली. कोणी धावत वर आलं नाही. पोरीने गठ्ठा उंबऱ्यावर ठेवला.

"उद्यापासून कपडे दुसरीकडे द्या. तुम्ही ज्या मुलीला लिहीत होतात, ती मी नाही."

"इस्त्री झालेल्या शर्टाच्या खिशात डॉक्टरांच्या मुलीचा हात कसा पोचेल गं?" आई म्हणाली. "मी पहिल्या दिवसापासून तुलाच लिहीत होते."