पहिला कप

शनिवारचा चहा सुरू झाला तेव्हा दादांचा हात खिशातल्या लाकडी पाचरीवर होता.

कारखाना दवाखान्यांसाठी चाकांचे पलंग बनवायचा. दादा त्याचे मालक, पण मालक म्हटलेलं त्यांना खपायचं नाही. दर शनिवारी सगळ्यांनी एका लांब टेबलाशी बसायचं. आठवड्यात ज्याच्या हातून चूक झाली असेल त्यानं उभं राहून ती सांगायची. बाकीच्यांनी टाळ्या वाजवायच्या आणि चहाचा पहिला कप त्याला द्यायचा. ही रीत दादांनीच घातलेली. आमच्याकडे कुणी कुणाला घाबरत नाही, हे ते पाहुण्यांना पलंग दाखवायच्याही आधी सांगत.

हिशेब पाहणाऱ्या बाई उठल्या. "मी मंगळवारी पंखा चालू ठेवून घरी गेले. रात्रभर खुर्च्यांना वारा घातला."

हशा पिकला, टाळ्या झाल्या. मग ड्रायव्हर उठला. गाडीची किल्ली हरवली म्हणून त्यानं अर्ध्या कारखान्याला कामाला लावलं होतं, आणि ती निघाली त्याच्याच खिशातून. पुन्हा टाळ्या. दादाही हसले. एरवी त्यांना या गमती ऐकून बरं वाटायचं. आज त्यांच्या ध्यानात आलं की कित्येक शनिवार झाले, इथे कुणी पंखा आणि किल्ली यांच्या पुढे गेलेलंच नाही.

सकाळी एका दवाखान्यातल्या मोठ्या सिस्टरचा फोन आला होता. तक्रार नव्हती, उलट कौतुकच. नव्या पलंगांचा ब्रेक धरत नाही, पलंग सरकतो, पण तुम्ही प्रत्येकाबरोबर लाकडाची पाचर दिलीत ते फार बरं केलंत. चाकाखाली सारली की भागतं. आणखी थोड्या पाठवाल का?

दादा "हो" म्हणाले आणि फोन ठेवून तयार मालाच्या खोलीत गेले. प्रत्येक पलंगाच्या उशाशी एकेक पाचर बांधलेली होती. कडा घासून गुळगुळीत केलेल्या, वर कारखान्याचा निळा रंग. म्हणजे कुणीतरी ती कापली, कुणीतरी घासली, कुणी रंगवली, कुणी बांधली. सगळ्यांना ठाऊक होतं, एक दादा सोडून. एवढ्या खटाटोपापेक्षा एक वाक्य बोलणं किती सोपं होतं.

"आणखी कुणी?" दादांनी विचारलं. त्यांना अजून आशा होती.

टेबलाच्या दुसऱ्या टोकाला मिस्त्री बसला होता. कारखाना म्हणजे नुसती पत्र्याची शेड होती तेव्हापासूनचा जोडीदार. तो बशीतला चमचा सरळ करत राहिला.

दादांनी खिशातली पाचर काढून टेबलावर ठेवली.

आळीमिळी गुपचिळी. कुणी कपात पाहू लागलं, कुणी नखांकडे.

"मी कुणावर ओरडणार नाही," दादा म्हणाले. "पलंग सोमवारी परत मागवू, ब्रेक बदलू. पण उद्या एखादा पेशंट खाली पडला असता. मला कुणीतरी सांगायला हवं होतं."

मग दादा स्वतःच उभे राहिले.

"ठीक आहे. मग माझी चूक ऐका. मला वाटत होतं, तुम्ही मला घाबरत नाही."

मग कुठूनतरी एक टाळी वाजली. चूक सांगितली की टाळी, हातांना सवयच होती. दुसरी वाजली, तिसरी वाजली, आणि सगळं टेबल टाळ्या वाजवू लागलं. दादा खाली बसले. इतक्या माणसांत त्यांना एवढं एकटं कधी वाटलं नव्हतं.

रीत ती रीत. मिस्त्री पहिला कप घेऊन आला.

"तू तरी सांगायचंस," दादा हळू आवाजात म्हणाले.

मिस्त्रीनं कप समोर ठेवला. "रंगाऱ्यानं सांगितलं होतं ना, दादा. गेल्या वर्षी."

दादांना आठवायला वेळ लागला. रंग कालवताना रंगाऱ्याचं प्रमाण चुकलं होतं आणि अख्ख्या खेपेचे पोपडे निघाले होते. त्यानं याच टेबलाशी उभं राहून ते सांगितलं. सगळ्यांत जोरात टाळ्या दादांनीच वाजवल्या. पुढे रंगाचं नवं यंत्र आलं ते दुसऱ्याच्या हाती दिलं, आणि रंगाऱ्याला थोडे दिवस म्हणून मागच्या गोदामात पाठवलं. राग असा नव्हताच. नंतर ते विसरूनही गेले. शनिवारी तो इथे दिसत नाही, हेसुद्धा त्यांच्या लक्षात आलं नव्हतं.

दादांनी कप उचलला आणि ते निघाले. अंगण ओलांडताना चहा बशीत सांडला. पाठीमागे टेबलाशी पुन्हा बोलणी सुरू झाली, कुणीतरी मोकळेपणानं हसलंही.

गोदामात रंगारी एकटाच नटबोल्टांची खोकी रचत होता. दादांना पाहताच तो झटकन उभा राहिला आणि त्यानं हात पँटला पुसले.

दादांनी कप पुढे केला.

रंगाऱ्यानं कपाकडे पाहिलं, मग दादांकडे. हात काही पुढे आला नाही.

"माझं काही चुकलं का, दादा?"