एक तांब्या पाणी

पुनमच्या पत्राला अण्णारावांनी चार वर्षांत उत्तर दिलं नव्हतं. ‘बाबा, मी घरी यावं का? एक ओळ लिहा,’ एवढंच होतं त्यात, आणि खाली एक फोन नंबर. पत्र त्यांनी शब्दकोशात दडवलं होतं. पोरीनं मनानं लग्न केलं, नांदेडला गेली, तेव्हाच सिंधुबाईंनी बजावलं होतं, “ह्या घरात तिचं नाव निघालं न्हाई पाहिजे.” पुस्तकांना हात लावायच्या त्या फक्त धूळ झटकायला.

आणि आज संडास तुंबला होता. भांड्यात काठोकाठ पाणी.

“बसा अजून पोथी वाचत आत,” सिंधुबाई म्हणाल्या. “तास तास बसायचं अन् ओतायचं एक तांब्या!”

“पाणी आठ दिवसांनी येतं,” अण्णाराव पुटपुटले.

“ते अख्ख्या लातूरला तसंच येतं. तुंबला आपलाच.”

अण्णारावांनी खराट्याची काठी उचलली.

“आधी खिशातलं पेन काढा. शाईचे डाग मलाच धुवावे लागतात. अन् ऱ्हाऊ द्या ते. म्या माणूस बोलावलाय.”

“कशाला? मी करतो की,” अण्णाराव घाईनं म्हणाले.

“चाळीस वर्षं ग्रंथालयात कार्डं लावली तुम्ही. हे तुमचं काम न्हाई.”

अकराच्या सुमाराला माणूस आला. साठीचा, पांढऱ्या दाढीचा. नाव सांगितलं चांदपाशा. मोटरसायकलचा नंबर एमएच सव्वीस. नांदेडची जुनी गाडी घेतली असेल, असं अण्णारावांना वाटलं. सिंधुबाईंनी त्याला बसायला खुर्ची दिली, चांगल्या कपात चहा दिला. काम व्हायच्या आधी चहा, ही काही त्या घरची रीत नव्हती. मग त्या स्वयंपाकघरात गेल्या, त्या बाहेर आल्याच नाहीत.

चांदपाशानं अंगणातल्या चेंबरचं झाकण काढलं. बांबूची लांब कामटी आत सरकवली.

“किती जणं राहता?”

“दोघंच.”

“दोघांचं एवढं?”

कामटी अडली. त्यानं हातमोजा चढवला, कोपरापर्यंत हात घातला आणि एक जड लगदा ओढून काढला. कागद. जाड, पिवळट. ग्रंथालयातली जुनी कार्डं, प्रत्येकाचे दोन तुकडे केलेले.

अण्णारावांनी मान खाली घातली. चार वर्षं ते खिशात एखादं कार्ड लपवून आत जायचे, कडी लावायचे आणि लिहायला बसायचे. ये म्हणावं, तर सिंधूला काय सांगायचं? एवढा उशीर का झाला, ते कसं लिहायचं? जन्मभर पुस्तकांत राहिलेल्या माणसाला एक ओळ जमत नव्हती. मग फाडायचं, टाकायचं, वर एक तांब्या पाणी.

सगळ्यांत वरचं कार्ड कालचं होतं. चांदपाशानं ते बादलीत विसळलं, दोन्ही तुकडे जुळवून धरले. बॉलपेनची अक्षरं शाबूत होती. ‘चि. पुनम, तू ये.’

“टाकून द्या हो ते,” अण्णाराव कुजबुजले. “बायको आत आहे.”

“पुढं न्हाई लिहिलं?”

“पुढचं जमत नाही मला.”

“मग सही तरी करा. बिनसहीचं पत्र कोण खरं मानंल?”

परक्या माणसासमोर अण्णारावांना कधी नाही म्हणता आलं नव्हतं. पण आज त्यांनी पेन घेतलं ते तेवढ्यासाठी नव्हे. ओल्या कार्डावर शाई उठेना. तीनदा गिरवलं, तेव्हा कुठं ‘बाबा’ उमटलं. एक काना तेवढा वाकडा आला.

चांदपाशानं भांड्यात बादलीभर पाणी ओतलं. ते घुटके घेत, मग एकदम खळाळत निघून गेलं. हात धुऊन त्यानं ते दोन तुकडे स्वच्छ रुमालात गुंडाळले आणि छातीपाशी खिशात ठेवले. स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज केव्हाच थांबला होता.

“अहो, तुम्ही कुठं नेता ते? पत्ता तरी...” अण्णाराव फाटकापर्यंत मागं आले.

“पत्ता कशाला लागतो?” चांदपाशा गाडीवर बसला. “लातुरात प्लंबर लई हायत. वहिनींनी नांदेडला फोन केला. म्हणल्या, संडासात तुमच्या सुनेची पत्रं अडकलीत, ती काढायला तुम्हीच या.”