ताटातलं नाव

चित्राखालची पट्टी निधीने पुन्हा वाचली. 'चित्रकार : अज्ञात. अंदाजे १९७५.'

चित्रात एक बाई पाठमोरी बसली होती. तिच्यासमोर दार होतं. ते अर्धवट उघडं होतं आणि त्यातून एक पेटलेली चूल चार पायांवर चालत बाहेर निघाली होती. कोपऱ्यात सही : गोदावरी.

कडेवरच्या मुलीचा हात चित्राकडे गेला, तो निधीने घट्ट धरला. शेजारी सासूबाई उभ्या होत्या. चष्मा पर्समध्येच होता. हे चित्र पाहायला त्यांना तो लागत नव्हता.

अमरावतीच्या त्या हॉलमध्ये निधीच्या सासऱ्यांच्या, भगवंतरावांच्या, पन्नास वर्षांच्या चित्रांचं प्रदर्शन होतं. उद्घाटनाला दहा मिनिटं उरली होती.

"हे सरांच्या पेटीत सापडलं," मांडणी करणारा केदार उत्साहाने सांगत होता. "आपल्या वऱ्हाडात, इतक्या आधी, असं अतिवास्तव काम! कोण असेल ही गोदावरी, शोधतोय मी."

"मी," सासूबाई म्हणाल्या.

केदार हसला. मग त्याने हातातली यादी पाहिली. "पण काकू, तुमचं नाव तर कौशल्या ना? आधार कार्डावर पण..."

"ते लग्नात ठेवलं. यायनं." त्यांनी मागे उभ्या असलेल्या भगवंतरावांकडे बोट दाखवलं.

केदारने सरांकडे पाहिलं. सरांनी फरशीकडे.

"राहू दे ना वं आता," भगवंतराव हळूच म्हणाले. "पुस्तिका छापून झाली. पाहुणे येऊन राहिले. चित्र तर लागलं ना भिंतीवर?"

सासूबाई समईकडे गेल्या. तिथे ओवाळणीचं ताट होतं. त्यातलं निरांजन आणि कुंकवाचा करंडा त्यांनी उचलून बाजूला ठेवला, अक्षतांची वाटी ताटात उपडी केली आणि तळव्याने तांदूळ सारखे पसरले.

निधीला लगेच कळलं. तिच्याही लग्नात असंच ताट होतं. नवऱ्याने अंगठीने तांदळात नाव लिहिलं आणि ती निधी होऊन पाटावरून उठली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तिनेही.

"आंगठी द्या," सासूबाई म्हणाल्या.

"आता?"

"तवा तुमीच लिहिलं. आता मी लिहितो."

सुजलेल्या बोटातून अंगठी निघेना. भगवंतरावांनी इकडेतिकडे पाहिलं, बोटाला थुंकी लावली, ओढली. सासूबाईंनी सावकाश चार अक्षरं काढली. गोदावरी. ताट नेऊन चित्राखालच्या स्टुलावर ठेवलं.

निधीने मुलीचे दोन्ही हात मुठीत धरले. एक धक्का, आणि नाव गेलं असतं.

"अहो, अक्षता कुठे आहेत? पाहुणे आले!" दारातून कोणीतरी ओरडलं.

"इथं आहेत. हात नाही लावायचा," निधी म्हणाली. आपला आवाज एवढा मोठा निघेल असं तिला वाटलं नव्हतं.

पाहुणे आत आले. पायांच्या चुलीपाशी थबकले, मग खाली ताटाकडे वाकले. "वा! ही गोदावरी कोण, सर?"

भगवंतराव रिकाम्या बोटावरचा पांढरा वळ चोळत राहिले.

"त्यायले काय विचारून राहिले?" गोदावरीबाई म्हणाल्या. "मले विचारा."