जुळलेला आवाज

लेक सासरहून बेपत्ता झाली, तेव्हा आई पोलिसांच्या आवाज-तपासणी विभागात येऊन बसली. लेकीने आईच्या वाढदिवसाला पाठवलेला व्हॉइस मेसेज तेवढा मोबाइलमध्ये होता.

"महिला मदतकेंद्राला बऱ्याच जणी नाव न सांगता फोन करतात, मावशी," तिथली तपासनीस म्हणाली. "ती सगळी रेकॉर्डिंग्ज आमच्या डेटाबेसमध्ये आहेत. त्यांच्याशी हा आवाज जुळवून बघते."

तिने संगणकावर शोध सुरू केला. पडदा बराच वेळ कोरा राहिला आणि मग एकच ओळ उमटली.

"सापडली?" आई खुर्चीतून अर्धी उठली.

"आवाज सापडलाय. ज्या दिवशी ती गेली, त्याच दिवशीचा फोन आहे."

आईने कपाळावर हात मारून घेतला. "परक्या माणसांना फोन केला, पण जन्मदात्या आईला एका शब्दाने बोलली नाही हो! नुसतं सांगितलं असतं ना, तर त्या जावयाच्या दारातून हाताला धरून घेऊन आले असते." मग डोळे पुसत ती म्हणाली, "लाव बाई ते. माझ्या पोरीचा आवाज तरी ऐकू दे."

तपासनीसने रेकॉर्डिंग सुरू केलं. आधी मदतकेंद्रातल्या बाईंचा आवाज आला, "ताई, आत्ताच्या आत्ता माहेरी जाता येईल का तुम्हाला?"



"तिथूनच निघालेय. आई म्हणाली, मार कुणाला चुकलाय? तोंड धू आणि मुकाट्याने घरी जा."