झाडाला टेकलेला माणूस

नागासे बाकावरून उठला, पुन्हा बसला, पुन्हा उठला. अंगात सूट, गळ्यात टाय, हातात ऑफिसची बॅग, आणि वाजले होते जेमतेम साडेदहा. बायकोने दिलेला डबा भूक नसतानाच खाऊन झाला होता. काम गेलं की घड्याळसुद्धा माणसाला छळायला लागतं.

नोकरी गेल्याचं त्याने घरी सांगितलं नव्हतं. रोज सकाळी "येतो" म्हणून निघायचं आणि संध्याकाळी दमल्याचं तोंड करून परतायचं. आधी तो लांब जाऊन बसे. कंपनीने काढून दिलेला रेल्वेचा पास संपला आणि ही घराजवळची बाग नशिबी आली. उद्या सांगू, उद्या सांगू म्हणता म्हणता बागेतल्या गिंकोच्या झाडांची पानं पिवळी पडली.

तेवढ्यात फाटकातून पिवळ्या टोप्या आत शिरल्या. पहिलीचा वर्ग, आणि तोही हिनाकोचा, त्याच्या लेकीचा. बाहेर जायला वाट तेवढीच. तो चटकन कापराच्या जाड झाडाआड झाला.

वर्गाच्या मोरिवाकी बाईंनी हातातल्या पाटीवर 休 हे जपानी चित्राक्षर काढून दाखवलं, डावीकडे माणसाची खूण, उजवीकडे झाडाची. "काल शिकलो ते हे. काय वाचायचं?"

"विसावा."

"आणि लिहायचा कसा?"

"आधी माणूस, मग झाड," मुलं एका सुरात म्हणाली.

"शाब्बास. चला, आता एकेक झाड धरा आणि स्वतःच अक्षर व्हा बघू."

पोरं सुटली. एकजण तर दिव्याच्या खांबालाच टेकला. "अरे बाबा, खांबाला टेकून कुणाला विसावा मिळालाय?" बाई हसल्या.

नागासेने खोडाआडून फाटकाकडे पाहिलं. पळावं तर दिसणार, थांबावं तर सापडणार. पोर आज घरी जाऊन सांगणार, आणि मग बायकोला तोंड कसं दाखवायचं?

पावलं जवळ आली. हिनाकोच. समोर उभी राहून तिने त्याला टायपासून बुटांपर्यंत न्याहाळलं. त्याने घाईघाईने ओठांवर बोट ठेवलं.

"काका," ती मोठ्याने म्हणाली, "तुम्ही चुकीच्या बाजूला उभे आहात. माणूस झाडाच्या डावीकडे असतो."

काका? पोटच्या पोरीने ओळखलं नाही की काय? सुटलो असं वाटायला हवं होतं, पण फार लागलं त्याला.

"हिनाको, काकांना त्रास देऊ नकोस गं," बाई लांबूनच म्हणाल्या आणि कमरेत वाकून त्यांनी त्याची माफी मागितली. त्यानेही वाकून मान तुकवली. दुसरं करणार काय? निमूटपणे तो खोडाच्या दुसऱ्या बाजूला गेला. तिकडे आडोसा नव्हता. सगळा वर्ग त्याच्याकडे बघत होता.

"असं नाही, नीट टेका," हिनाको म्हणाली.

त्याने बॅग खाली ठेवली आणि पाठ खोडाला लावली.

बुटाचा पट्टा लावायला हिनाको खाली वाकली. वर न बघता, त्याला एकट्यालाच ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "बाबा, आईने सांगितलंय, बागेत तू दिसलास तर ओळख दाखवायची नाही."