काचेचा शेवटचा तुकडा

घसरगाडीवरची पेटी उघडली आणि आर्चबिशपांच्या चिटणिसांचा, लँगफर्डसाहेबांचा, चेहरा पडला. द्राक्षारस थंडीने गोठून फुगला होता आणि एकुलती एक बाटली फुटली होती. आत लाल बर्फाचा गोळा, त्यात काचा रुतलेल्या.

"संपलं," ते म्हणाले. "द्राक्षारस नाही, तर प्रभुभोजन नाही. आणि प्रभुभोजनाशिवाय दीक्षा देता येत नाही."

हॅना शेजारीच उभी होती. तिचा नवरा जोसाया कॅनडातल्या हडसन उपसागराकाठच्या या क्री आदिवासींच्या वस्तीत बारा वर्षं प्रार्थना चालवत होता. मेलेल्यांना पुरत होता, जन्मलेल्यांना नावं देत होता. पण प्रभुभोजनाचा प्याला द्यायचा अधिकार त्याला नव्हता. त्यासाठी गोरा पाद्री यायचा, तीन-चार वर्षांतून एकदा. आज जोसायालाच पाद्रीची दीक्षा द्यायला आर्चबिशप कुत्र्यांच्या गाडीने अठरा दिवस प्रवास करून आले होते. परतीची वाट गोठलेल्या नदीवरूनच होती आणि तो बर्फ आता फार दिवस टिकणार नव्हता. दुपारी त्यांना निघणं भाग होतं.

"पुढच्या वर्षी येऊ," लँगफर्ड म्हणाले.

"पुढच्या वर्षी हे असतील का?" वस्तीतल्या म्हाताऱ्या केझायाआत्याने ओठांनीच आर्चबिशपांकडे खूण करत विचारलं. त्र्याहत्तर वर्षांच्या आर्चबिशपांना क्री भाषा उत्तम समजायची. सगळ्यांत मोठ्याने तेच हसले.

हॅना पुढे झाली. "सांडलाय कुठे? नुसता गोठलाय."

"काच आहे त्यात. लोकांना काच पाजायची?"

"हॅना, राहू दे," जोसाया पुटपुटला.

"तुम्ही गप्प बसा हो. तुमचं काम नंतर. आधी माझं."

तिने गोळा किटलीत वितळवला. काच जड, ती खाली बसते. म्हणून किटली तासभर हलवली नाही. मग वरवरचा रस दुहेरी कापडातून गाळला आणि तळाच्या काचा वेचल्या. लँगफर्ड मान हलवतच होते.

"एकही काच आत राहिली नाही, हे कशावरून, पोरी?" आर्चबिशपांनी विचारलं.

"दाखवते."

तिने जमिनीवर हरणाचं कातडं पसरलं. मण्यांची नक्षी शिवण्याआधी मांडून बघतात, तसे ती तुकडे मांडू लागली. आधी बूड, मग पोट, मग मान. कडेला कड जुळवायची, जुळली नाही तर तुकडा फिरवायचा. दोन बोटं कापली, ती तिने चोखली आणि पुढे चालू ठेवलं. भोवती सगळी वस्ती गोळा झाली. शेवटी अख्खी बाटली कातड्यावर उलगडून पडली.

मानेपाशी नखाएवढी जागा रिकामी होती.

हॅनाने किटली पुन्हा पाहिली, कापड झटकलं, पेटी उपडी केली. काही नाही.

"मी म्हणत होतो..." लँगफर्डनी हात वर केला, आणि त्यांच्या लोकरी हातमोज्यावर काहीतरी चमकलं. ते स्वतःच बघत राहिले. मग त्यांनी तो कण सोडवला, गुडघ्यांवर बसले आणि रिकाम्या जागेत ठेवला.

बसला.

आर्चबिशपांनी वाकून बुडापासून मानेपर्यंत एकेका सांध्यावरून बोट फिरवलं. कुठेही फट नव्हती.

"घंटा वाजवा," ते म्हणाले.

दीक्षा झाली. जोसायाच्या डोक्यावरचे हात काढून आर्चबिशपांनी वेदी त्याच्या हवाली केली, आपण खाली उतरले आणि रांगेत सर्वांत पुढे गुडघे टेकले.

मागून केझायाआत्याने त्यांच्या झग्याला हलकेच ओढलं. "पाद्रीबाबा, रांगेचं शेपूट तिकडे आहे."

आर्चबिशप गुडघा धरत उठले. त्रेचाळीस माणसं ओलांडून ते दारापाशी जाऊन बसले, आणि जोसायाने प्याला उचलला.