हॅम्बुर्ग ते पुणे

"दिल्लीत धुकं आहे. विमान अहमदाबादकडे वळवलंय," डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा शर्वरीने काचेपलीकडे झोपलेल्या लेकीकडे पाहिलं. इरावतीची आजारी अस्थिमज्जा औषधांनी पार संपवून टाकली होती. आता माघार नव्हती. तिला जगवणाऱ्या पेशी हॅम्बुर्गमधल्या कुणा अनोळखी माणसाने दिल्या होत्या आणि एका लहानशा पेटीतून त्या पुण्याला निघाल्या होत्या.

"किती लांब आहे हो हे हॅम्बुर्ग?"

"साडेसहा हजार किलोमीटर. एरवी पंधरा-सोळा तासांत पोचतात. पेशी तीन दिवस तग धरतात, काळजी करू नका." पण बोलताना डॉक्टरांनी दोनदा घड्याळ पाहिलेलं शर्वरीच्या नजरेतून सुटलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी लिफ्टमधून पिकल्या केसांची एक गोरी बाई पेटी छातीशी धरून बाहेर आली. पुढचं विमान कधी सुटेल ते कुणी सांगेना, म्हणून ती अहमदाबादहून थेट टॅक्सीनेच आली होती. तपासणी करून डॉक्टर बाहेर आले ते हसतच. "वेळेत पोचल्या! पेशी उत्तम आहेत."

संध्याकाळी पिशवीतला पहिला थेंब इरावतीच्या शिरेत उतरला. शर्वरी चहा घेऊन बाहेर आली, तर ती बाई बाकावर बसल्या बसल्या झोपी गेलेली. तिला उठवायचा धीर होईना. चहा खाली ठेवून शर्वरी शेजारी टेकली आणि कधी नव्हे ते तिचेही डोळे मिटले. थोड्या वेळाने नर्सने पाहिलं, तर तिचं डोकं त्या परक्या खांद्यावर विसावलं होतं.